तोंडातला निरोप

योगिनीच्या घरात दिवस 'सांग' या शब्दानं उगवायचा.

"निकी, सांग वं तुह्या बापाले, मोटर चालू कर म्हना."

हे दौलतराव, योगिनीचे सासरे, ओट्यावर बसून दात घासता घासता. आणि निकीचा बाप पवन काही लांब नसायचा. तिथंच गोठ्याच्या तोंडाशी चांदी म्हशीची धार काढत बसलेला असायचा. पाच वर्षांची निकी ओट्यावरून धपकन उडी मारायची, फ्रॉक सावरत गोठ्यापाशी जायची आणि थेट आजोबांच्या ठसक्यात म्हणायची, "पप्पा, मोटर चालू कर म्हना."

"सांग आबाले, लाइन नाई म्हना."

निकी परत ओट्यावर. "आबा, लाइन नाई म्हना."

तिला वाटायचं, 'म्हना' हासुद्धा निरोपाचाच भाग आहे.

दोघांनाही एकमेकांचं आधीच ऐकू आलेलं असायचं. कामरगावातून कारंजाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं भाजीपाल्याचं वावर आणि वावरातच घर. वांगी, मेथी, मिरची, आणि कोथिंबीर, जिला इकडे सांबार म्हणायचं. अशा उघड्या जागेत कोणी खोकललं तरी बांधापर्यंत ऐकू जातं. पण दौलतराव मुलाशी बोलत नव्हते आणि मुलगा बापाशी. कारण म्हटलं तर एवढंसं. आदल्या वर्षी आठवडी बाजारात, ऐन गर्दीत, दौलतराव सवयीनं येणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत सांबाराच्या काड्या वरून टाकत होते. तेव्हा पवन चारचौघांत म्हणाला होता, "बाबा, तुमाले धंदा नाई समजत. उठा तुमी, मी पाह्यतो." दौलतरावांनी तराजू खाली ठेवला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि चालत घरी आले. सारी उमर ज्या बाजारात बसले, त्या बाजारातून पोरानं उठवलं. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं आणि निकीचं काम सुरू झालं.

तसं त्या घरात समोरासमोर बोलायची रीत आधीही पातळच होती. योगिनी लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यांशी थेट बोललेली नव्हती. डोक्यावर पदर, भिंतीकडे तोंड आणि "जेवाले वाढलं" एवढंच. निकी बोलायला लागली तशी तिची मोठी सोय झाली. "निकी, आबाले इचार, भाकर वाढू काय?" सासूबाई पंचफुला नवऱ्याचं नावही न घेणाऱ्या. त्याही नातीच्या आडून म्हणायच्या, "इचार तुह्या आबाले, दवाई घेतली काय." सगळ्या घराचं बोलणं त्या एवढ्याशा तोंडातून ये-जा करायचं. पाहुणे म्हणायचे, "लय हुशार हाय बाप्पा पोट्टी!" आणि योगिनीला आतून बरं वाटायचं.

मग थंडी सरता सरता निकी बोलायची थांबली.

ताप नाही, पडझड नाही, भ्यायली म्हणावं तर तसंही काही घडलेलं नाही. योगिनीनं केस विंचरताना विचारलं, "एक येनी घालू का दोन?" तर निकीनं नुसती दोन बोटं वर केली. आधी वाटलं खेळ करते आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला, "ताई, पोरगी गानं म्हनून नाई राह्यली." पोर जेवायची, खेळायची, चांदीच्या वगारीच्या, म्हणजे पारडीच्या, गळ्यात हात टाकून बसायची, पण ओठ मिटलेले. आणि एक गोष्ट योगिनीच्या काळजाला फार लागायची. पवन जवळ आला की निकी तळहात तोंडावर दाबून धरायची. घट्ट. जणू तोंडातून काही सांडेल.

गावाला तेवढंच पुरलं. "बापानं हात उचलला असन," कोणीतरी म्हणालं, आणि ते फिरत फिरत पवनच्या कानावर आलं. पोरीला कधी चिमटाही न काढलेला माणूस तो. त्या दिवशी त्यानं ताट तसंच सारलं आणि वांग्यात जाऊन बसला.

शेजारच्या वावरातल्या कस्तुराबाई मीठ-मिरच्या ओवाळून गेल्या. कारंजातल्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. सगळं ठीक. मग ते पेन बाजूला ठेवून म्हणाले, "वाशीमला शुभांगी मॅडम आहेत. समुपदेशन करतात. अख्ख्या कुटुंबाला घेऊन बसतात. त्यांच्याकडे जा."

दुपारी सगळे वावरात गेले की योगिनी मोबाइलमधला एक जुना व्हिडिओ काढायची. त्यात निकी गोठ्यातून ओरडत पळत येते, "आई, चांदी मले शेपटीनं मारते वं!" एवढाच. योगिनी आवाज अगदी बारीक करून ऐकायची. निकीला ऐकू जाऊ नये म्हणून. आपलाच आवाज आईला चोरून ऐकावा लागतो हे लेकराला कशाला कळू द्यायचं?

बस थांब्यावर कस्तुराबाई भेटल्याच. "कुठं निंगाले वं जोडीनं?"

"वाशीमले. निकीले दाखवाले."

"येड्याच्या डाक्तरपाशी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, पण त्यांचा हळू आवाज अख्ख्या थांब्यावर ऐकू जाणारा.

पवन दुसरीकडे बघत राहिला. योगिनीनं निकीचा हात धरला आणि बसमध्ये चढली.

शुभांगी मॅडमची खोली साधीच. खाली सतरंजी, भिंतीला लागून लहानमोठे स्टूल, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. मॅडम बुटक्या, केस मागे आवळून बांधलेले, खुर्ची सोडून खाली सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी आधी निकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस हं. इथं न बोलतासुद्धा बसता येतं."

योगिनी थक्क झाली. इतके दिवस सगळं गाव निकीला 'बोल, बोल' म्हणून टोकरत होतं. चॉकलेट दाखवत होतं, भेडसावत होतं. ही पहिली बाई, जिनं तिला न बोलायची मोकळीक दिली. आणि निकीचे वर ओढलेले खांदे हळूच खाली आले. ते योगिनीला दिसलं. तिथंच तिचा त्या बाईवर विश्वास बसला.

मॅडमनी विचारलं, "केव्हापासून बंद आहे बोलणं?"

योगिनीला नक्की आठवेना. ती सवयीनं म्हणाली, "निकी, पप्पाले इचार वं, कवापासून..."

आणि तिनं जीभ चावली.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "ताई, पवनभाऊ तर तुमच्या शेजारी बसलेत."

योगिनीचं तोंड लाल झालं. तिला वाटलं होतं निरोपांचं ते सासरे आणि नवऱ्याचं आहे. तिचं तिला दिसलंच नव्हतं.

मग मॅडमनी एकेक करत सगळं घर विचारून घेतलं. कोण कुठं बसतं, कोण कोणाशी बोलतं, जेवायला कोण कोणाला हाक मारतं. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी आजी-आजोबांनाही आणा."

"पन बिमार त पोरगी हाय," पवन म्हणाला.

"आवाज पोरीचा गेलाय भाऊ. बोलणं सगळ्या घराचं अडलंय. एकट्या निकीला मी इथं कितीही बसवलं, तरी संध्याकाळी ती त्याच घरात जाणार ना?"

घरी आल्यावर दौलतरावांनी ऐकलं आणि दुपट्टा झटकला. "मी नाई येत. मी काय येडा हाव काय? सांग त्याले..." आणि ते थांबले. सांगायला निकी उरली नव्हती. ती त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते.

ठरल्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, भाकरी फडक्यात बांधल्या, पिशवी घेतली आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कोणाच्याही तोंडाकडे न पाहता, पण दौलतरावांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी चालली. ज्याले यायचं त्यानं या."

बस आली तेव्हा दौलतराव सगळ्यांच्या मागे, अनोळखी माणसासारखे चढले.

मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "घरी जसे बसता, तसे इथं बसा बघू. कोण कुठं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

थोडा घोळ झाला. दौलतराव उंच स्टूल ओढून दाराशी बसले, ओट्यावर बसतात तसे. पवन समोरच्या भिंतीला, त्यांच्याकडे पाठ करून. पंचफुलाबाई खाली, योगिनी त्यांच्यामागे. आणि निकी सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात मागे, मान वर, आता कोण हाक मारतं याची वाट पाहत.



"हिला कोणी सांगितलं होतं का, मध्ये उभी राहा म्हणून?" मॅडमनी विचारलं.

 रोज घरात हेच होतं, रोज डोळ्यांसमोर होतं. पण स्टुलांच्या मधोमध ती एवढीशी पोर एकटी उभी पाहिली आणि तेव्हा तिला कळलं, की सगळ्यांना बसायला जागा होती, फक्त तिलाच नव्हती.

तिनं हात पुढे केले. "ये वं माय." निकी येऊन तिच्या मांडीत बसली.

मॅडमनी त्या दिवशी एकच सांगितलं. निकीला निरोप द्यायचा नाही. कोणीही, कोणाचाही, चहाचासुद्धा. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं ज्याचं त्याला म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं.

"लय कठीन हाय मॅडम," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"हो आजी, कठीण आहे. म्हणून तर घरी करायला दिलंय. सोपं असतं तर इथंच झालं असतं."

कठीण म्हणजे किती कठीण, ते घरी गेल्यावर कळलं. पहिले काही दिवस घर नुसतं मुकं झालं. दौलतराव "निकी, सां..." म्हणायचे आणि शब्द गिळायचे, ठसका लागल्यासारखा. पवन मोटर बंद करायची विसरला तर मेथीच्या वाफ्यात पाणी तुंबलं, तरी कोणी बोलेना. अखेर दौलतरावांना राहवेना. ते गोठ्यापाशी गेले, चांदीच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "सांग वं चांदी त्याले, मेथी सडली म्हना!"

पवन वांग्यातून ओरडला, "चांदी, सांग त्याहिले, दिसून राह्यलं मले म्हना!"

म्हैस शेपटी हलवत रवंथ करत राहिली. निकी ओट्यावर बसून हे बघत होती. तिनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, एकदा म्हशीकडे, आणि तिच्या मिटल्या ओठांच्या कोपऱ्यात खळी पडली. कितीतरी दिवसांनी. योगिनी सूप हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढच्या वेळी मॅडमपुढे पंचफुलाबाईंनीच तक्रार केली. "मॅडम, आता मशीले निरोप देते हे लोकं. पोरीचं सुटलं त मशीच्या गयात पडलं."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. दौलतरावही मिशीत हसले, आणि हसता हसता त्यांची नजर पवनवर गेली. पवनही हसत होता. दोघांनी पटकन माना वळवल्या.

"छान झालं," मॅडम म्हणाल्या. "म्हशीला ओझं नाही होत. निकी सुटली, हे महत्त्वाचं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण ती अजून बोलत नाही. आणि पप्पा जवळ आले की तोंडावर हात ठेवते. मला असं वाटतं, तिच्याजवळ एखादा निरोप राहून गेलाय. न पोचवलेला. कोणाला आठवतो का, शेवटचा निरोप कोणता होता?"

पवननं नाही म्हणून मान हलवली. दौलतराव खिडकीबाहेर बघू लागले. योगिनी आठवू लागली, मोटर, चहा, दवाई... रोजचे किती निरोप, कोणता शेवटचा?

निकीनं आईच्या मांडीत तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी घाई केली नाही. त्यांची ही गोष्ट योगिनीला फार मोठी वाटायची. गप्प बसायचं म्हणजे काही करायचं नाही असं नव्हे. त्या गप्प बसून जागा धरून ठेवायच्या, दुसऱ्यासाठी.

त्या जागेत पंचफुलाबाईंचा आवाज आला. "मले आठोते."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आणि मग त्या आयुष्यात कधी वळल्या नव्हत्या तशा, नवऱ्याकडे सरळ तोंड करून बसल्या.

"तुमी म्हनलं होतं. मी मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. पवननं तुमाले न इचारता मिरचीचं रोप बदललं, म्हनून तुमी तापले होते. निकीले जवळ बोलावलं अन म्हनलं, सांग तुह्या बापाले..."  आणि त्या पुढे गेल्याच. "मी मेलो त माह्या मातीले येऊ नोको म्हना."

माती म्हणजे अंत्यविधी. निकीला माती म्हणजे वाफ्यातली माती. पण 'मेलो' तिला कळत होतं. अंगणातली पिल्लं मेलेली तिनं पाहिली होती.

"पोट्टी वावराच्या धुऱ्यापर्यंत गेली," पंचफुलाबाई म्हणाल्या, "अन तितूनच वापस आली. मी पाह्यलं. मले तवाच तुमाले बोलाचं होतं. नाई बोलली. कवाच नाई बोलली तुमाले काई, म्हनून तवाही नाई. आता बोलतो. चुकलं तुमचं."

दौलतराव बायकोकडे बघत राहिले, ही कोण अशा नजरेनं. मग म्हणाले, "म्या? म्या असं म्हनलं?" आणि थोड्या वेळानं, खचल्यासारखे, "रागात मानूस काईही बोलते मॅडम. मले त यादही नाई."

"मोठ्या माणसाला कळतं आबा, की ते रागाचं होतं," मॅडम म्हणाल्या. "निकीला कसं कळणार? ती आजवर जे जे पोचवत आली ते ते होत आलं. मोटर चालू कर म्हटलं, मोटर चालू झाली. भाकर आण म्हटलं, भाकर आली. तिला वाटलं असेल, हेही पोचवलं तर होईल. म्हणून तिनं नाही पोचवलं. तोंडातच ठेवलं. आणि तोंड उघडलं की बाहेर पडेल, म्हणून तोंडच बंद केलं. इतके दिवस ही पोर तुमचा जीव सांभाळून बसलीय."

पवनच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "म्हनून मले पाह्यलं की..."  त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, अगदी निकीसारखं.

योगिनीनं निकीला छातीशी घट्ट धरलं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याच्या आत, कुठेतरी, आपल्या लेकराचा अभिमानही दाटून येत होता. एवढीशी पोर आणि एवढं ओझं. आणि ते उचललं ते मायेपोटी.

"मग आता काय करा लागन?" दौलतरावांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी मॅडमना सरळ प्रश्न केला होता.

"निरोप ज्याचा असतो, त्यानं परत घ्यायचा असतो."

दौलतराव स्टुलावरून उतरले. सतरंजीवर निकीसमोर बसताना त्यांचे गुडघे कडकड वाजले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांवर तिच्यापुढे पसरला, एखाद्यानं माप घ्यायला पसरावा तसा.

"बेटा, थो निरोप माहा हाय. तू लय सांबाळला. आता मले वापस दे. टाक याच्यात."

निकीनं मॅडमकडे पाहिलं.

"द्यायचा असेल तर दे. नसेल तर राहू दे," त्या म्हणाल्या.

निकी मांडीतून उतरली. दुपट्ट्याच्या घडीत तोंड घातलं. तिचे ओठ हलताना योगिनीला दिसले, पण ऐकू काहीच आलं नाही. ज्या आवाजासाठी तिचा जीव टांगला होता, तो आवाज त्या मळक्या दुपट्ट्यात उतरला आणि तिच्या वाट्याला नुसती ओठांची हालचाल आली. तिनं तीही डोळ्यांत साठवून घेतली.

दौलतरावांनी दुपट्ट्याची गाठ मारली. आवळून, भाजीचं गाठोडं बांधतात तशी. "हे पाह्य. बांधलं. आता हे कोनापाशीच नाई जात."

निकीनं हात पुढे केला आणि आजोबांच्या नाकाखाली बोटं धरली. किती तरी वेळ धरून ठेवली. श्वास येतो का ते बघत होती.

"हाव न जित्ता?" दौलतरावांनी विचारलं. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. "लागते न गरम?"

निकीनं होकारार्थी मान डोलावली.

मग ते तसेच बसल्या बसल्या वळले. "पवन."

वर्षभरात त्या नावानं त्यांनी हाक मारली नव्हती. पवननं तोंडावरचे हात काढले.

"मिरचीचं रोप चांगलं निंगालं तू आनलेलं," दौलतराव म्हणाले. "पाह्यलं मी. सांगतलं नाई."

"बाबा, बाजारात मी तुमाले..."

"बाजारातलं बाजारातच बोलाचं होतं मले. घरी घेऊन आलो, थे चुकलं."

"उठवलं मी तुमाले, थे चुकलं."

एवढंच. मिठी नाही, पाया पडणं नाही. दोघेही जमिनीकडे बघत बोलले. पण मध्ये कोणी उभं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये पंचफुलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. योगिनी त्यांच्याजवळ सरकली. "आत्याबाई, तुमी लय हिंमत केली."

"कायची हिंमत वं," त्या म्हणाल्या, "माह्ये पाय अजून थरथर करून राह्यले." मग थोड्या वेळानं, बाहेर बघतच, "पन बोलल्यावर काई झालं नाई, पाह्यलं काय? आभाय नाई पडलं. मले वाटे पडते."

योगिनीनं त्यांचा हात हातात घेतला. मेथीच्या जुड्या बांधून बांधून खरखरीत झालेला तो हात तिनं कामरगाव येईपर्यंत सोडला नाही.

निकी मात्र लगेच बोलली नाही. मॅडमनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, वाट बघायची, मागायचं नाही. योगिनीनं मागितलं नाही. पवन जवळ आला तर हात आता तोंडाकडे जात नव्हता, हेही खूप होतं. बाजाराच्या दिवशी बाप-लेक दोघं मिळून दुकान लावू लागले. पवन तराजू धरायचा, दौलतराव वरून सांबार टाकायचे. कधी पवन "बाबा, बस झालं" म्हणायचा आणि दौलतराव "गप रे" म्हणून अजून एक काडी टाकायचे. भांडणं व्हायची, पण ती आता समोरासमोर. एकदा तर एवढी झाली, की योगिनी धास्तावून बाहेर आली. तोवर दोघं एकाच तांब्यानं पाणी पीत होते.

मॅडमकडे जाणं चालूच राहिलं. कस्तुराबाईंनी एकदा योगिनीला बाजूला घेऊन विचारलं, "काय वं, त्या बाईचा पत्ता देतं काय? माह्ये दोन्ही पोरं एकमेकाचं तोंड नाई पाह्यत." योगिनीनं सांगितला. येड्याच्या डाक्तरचं काही बोलली नाही.

उन्हाळा लागला. एका दुपारी सगळे वावरातून घामेजून आले, पडवीत जेवायला बसले. योगिनी चुलीशी भाकरी थापत होती. हात पिठात, पदर डोक्यावर, तव्यावर भाकर फुगलेली. आणि इतक्या दिवसांची जपणूक क्षणभर सुटली. तोंडातून निघून गेलं,

"निकी, आबाले इचार वं, भाकर वाढू काय?"

 पंचफुलाबाईंनी चमकून पाहिलं. पवनचा घास हातातच राहिला.

निकी आजोबांच्या शेजारी बसली होती. तिनं ताटातली वांग्याची फोड खाली ठेवली. कपाळाला आठी घातली. आणि आईकडे बघून, स्पष्ट, खणखणीत, चांदीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तूच इचार नं!"

 तव्यावरची भाकर करपायला लागली, तिचा वास सुटला. योगिनीला हसावं की रडावं कळेना. जो आवाज तिनं चोरून मोबाइलमध्ये ऐकला, तो परत आला होता, आणि आला तो तिलाच दटावत. पण तिला कुठलंच बोलणं याहून गोड लागलं नसतं. या पोरीला आता कोणाचं ओझं नको होतं आणि ते नको म्हणता येत होतं.

तिनं हात पदराला पुसले. भाकर टोपल्यात घेतली. भिंतीकडे नव्हे, सरळ सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. 

"मामाजी, भाकर वाढू काय?"

दौलतरावांनी वर पाहिलं. सुनेचा चेहरा एवढ्या जवळून जणू पहिल्यांदाच बघत होते.

"वाढ वं बाई," ते म्हणाले. "आर्धी."

"अन मले पन आर्धी," निकी म्हणाली, "करपलेली नोको."